एका बाईचे दोन कागद

राजूरच्या गणपतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळ-प्रसादाच्या दुकानांच्या ओळीत, मिथुनचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, आधार, पीकविमा, लग्नपत्रिका, जे म्हणाल ते तिथं निघतं. नोकरीचा बायोडाटाही निघतो. मिथुन कष्टाळू, तोंडाचा गोड, पण बायोडाट्याच्या बाबतीत त्याच्याकडे फाईल एकच. ती त्यानं कधी आणि कुठून उतरवून घेतली देव जाणे. समोर माणूस बसला की नाव बदलायचं, जन्मतारीख बदलायची, शिक्षण बदलायचं आणि प्रिंट काढायची. बाकीचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा. त्यामुळे राजूरच्या पंचक्रोशीत ज्यांनी ज्यांनी नोकरीला अर्ज केला, त्या सगळ्यांना आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची सारखीच ओढ होती, सगळे मनमिळाऊ होते आणि सगळ्यांचा छंद क्रिकेट होता.

वंदना आदिनाथ पुंगळे हिचाही.

हे तिला कळलं जालन्याच्या एका खाजगी शाळेत, लिपिकाच्या जागेच्या मुलाखतीला. मुख्याध्यापकांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, “पुंगळे मॅडम, तुम्ही बॅटिंग करता की बॉलिंग?” वंदनाला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी ओळीवर बोट ठेवून दाखवलं. “बाहेर बाकड्यावर अजून चौघं बसलेत, तेही क्रिकेटच खेळतात. अकरा भरले की सांगा, टीम उतरवू आपण.” शेजारचे दोघं हसले. त्या ओळीच्या खाली ‘अविवाहित’ असंही छापलेलं होतं. साहेबांची नजर तिच्या मंगळसूत्रावर गेली आणि ते त्यावर काहीच बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा तिला जास्त राग आला.

परतीच्या जीपमध्ये दोन गोण्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या वंदनानं तो कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. आधी मिथुनचा राग आला, मग स्वतःचा. आपल्या नावानं छापलेला कागद आपण वाचलासुद्धा नव्हता. वंदनाचा एक स्वभाव होता, राग आला की ती भांडत नसे, कामाला लागत असे. घरच्यांना तिचं भांडण परवडलं असतं.

तिचं माहेर घनसावंगीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. बारावीचा निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन ती राजूरजवळच्या या गावात आली. नवरा आदिनाथ पिकअप गाडीवर भाजीपाला वाहतो, माणूस मवाळ, भांडणाच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा. सासू सगुणाबाई मात्र पक्की. या भागात गावोगावी हिरव्या जाळीची शेडनेटं उभी आहेत. त्यांत बियाणे कंपन्यांसाठी मिरचीचं, टोमॅटोचं संकरित बी तयार होतं. संध्याकाळी मादी झाडाची कळी चिमट्यानं उघडून तिच्यातले नर, म्हणजे पुंकेसर, काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात, आणि ते बायकांच्याच हातचं काम. वंदना लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कचरू मुकादमाच्या टोळीत उभी राहिली आणि मग दर हंगामाला राहतच गेली.

पुढं दोन लेकरं झाली, थोरली अर्पिता शाळेत जायला लागली, तेव्हा वंदनानं मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. गावात चेष्टा झाली. “बी.ए. होऊन काय, इंग्रजीत कळ्या उघडणार का?” परीक्षेच्या दिवसांत सगुणाबाई लेकरं सांभाळायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, “सून कुठं गेली म्हंजी? पेपरला गेली. तुमची गेल्ती का कधी?” वंदना पास झाली, कॉम्प्युटरचा कोर्सही केला. आणि पुढल्या पोळ्यानंतर पुन्हा चिमटा घेऊन शेडनेटमध्ये उभी राहिली. पदवीचा कागद पत्र्याच्या पेटीत गेला.

आता पोळ्याचंच सांगतो, कारण या गोष्टीत सगळं घोडं तिथं अडतं. पोळा फुटला की कचरू टोळीची नावं लावतो. एकदा नाव लागलं की हंगाम संपेपर्यंत ती बाई त्या टोळीची. आणि जिनं नाव लावलं नाही, तिची शेडनेटमधली झाडांची ओळ दुसरीला जाते. मग मधूनच येऊन ‘मला घ्या’ म्हणता येत नाही. असा कुठं लिहिलेला कायदा नाही, पण लिहिलेल्या कायद्यांपेक्षा तो जास्त पाळला जातो.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कचरू ओट्यावर येऊन बसला. “वैनी, तुमचं नाव टाकूनच घेतलं.”

“टाकू नका भाऊजी,” वंदना म्हणाली. “यंदा मी येत न्हाई.”

“मंग काय करून राह्यले तुमी?”

“नोकरी पाहून राह्यले.”

कचरूनं आदिनाथकडे पाहिलं. आदिनाथनं गाडीकडे पाहिलं. “सापडली का?” कचरूनं विचारलं.

“न्हाई. सापडन.”

“मागून ओळ भेटणार न्हाई. मी आत्ताच सांगून राह्यलो.”

“ठाव हाय मला,” वंदना म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. तिनं साखर दोनदा घातली, आणि कचरू तो गोडमिट्ट चहा पिऊन तणतणत निघून गेला. गौरी-गणपती झाले की क्रॉसिंग सुरू होणार. तोवर नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर अख्खा हंगाम घरात बसून गावाची बोलणी खायची. आणि पुढच्या पोळ्याला मान खाली घालून पुन्हा कचरूच्याच दारात जायचं. याची तिला खरी भीती होती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही.

जालन्यात तेव्हा दोन जागा होत्या. एका खाजगी दवाखान्यात खिडकीवर नावं नोंदवणारी बाई हवी होती. आणि एका बियाणे कंपनीला राजूर भागातल्या शेडनेटांवर फिरून देखरेख करणारा मदतनीस हवा होता. वंदनानं दोन्हीकडे अर्ज करायचं ठरवलं. पण यावेळी मिथुनकडे जाण्याआधी ती दवाखान्यात गेली आणि पेशंटसारखी बाकड्यावर जाऊन बसली.

सकाळभर तिनं खिडकीवरच्या मुलीकडे पाहिलं. मुलगी वाईट नव्हती, पण थकलेली होती. खेड्यावरून आलेली म्हातारी माणसं फॉर्म उलटा धरत होती, आणि ती आतून ओरडत होती. एका बाईला काय होतंय ते चार माणसांत सांगता येईना. वंदना उठून तिच्याजवळ गेली, तिच्या कानात बोलली आणि चिठ्ठीवर लिहून खिडकीत दिली. शेजारच्या माणसानं विचारलं, “तुमी कोण?” वंदना म्हणाली, “अजून कोणी न्हाई.”

तिथून ती थेट मिथुनकडे आली. “ती जुनी फाईल उघडू नको. कोरा कागद घे.”

मिथुनचा चेहरा पडला. “ताई, फॉर्मॅट बिघडतो मंग. सगळ्यांचं ह्याच्यातच बसतं.”

“माझं बसत न्हाई. आणि दोन काढायचे हायेत. दवाखान्याला येगळा, कंपनीला येगळा.”

“एकाच बाईचे दोन?”

“लग्नाला आन् तेराव्याला एकच लुगडं नेसून जातेत का तुह्या घरचे?”

मिथुन टाईप करू लागला आणि वंदना मागं उभी राहून सांगू लागली. दवाखान्याच्या कागदावर बी.ए. वर घेतली, कॉम्प्युटर घेतला. गावातल्या बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना ती नेहमी दवाखान्यात घेऊन जाते, त्यांचे फॉर्म भरते, हेही लिहायला लावलं. मग मिथुननं विचारलं, “मधली इतकी वर्षं काय केलं, ते काय टाकू?”

वंदना थांबली. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. ‘शेडनेटमध्ये मजुरी’ असं त्या पांढऱ्या दवाखान्यात वाचलं जाईल, वाचणारा तिच्या नखांकडे पाहील, असं तिला वाटलं. तिला त्या ओळीची लाज वाटली, आणि लाज वाटली याची त्याहून जास्त.

“गृहिणी लिही,” ती म्हणाली.

कंपनीच्या कागदावर उलटं झालं. तिथं तिनं क्रॉसिंगची वर्षं मोठ्या अभिमानानं घातली. मिथुनच म्हणाला, “ताई, ह्याच्यात बी.ए. नका टाकू. बी.ए. झालेली बाई उन्हात टिकत न्हाई, असं वाटतं त्येन्ला. बारावीवर थांबा.” वंदनाला पटलं. पेपरासाठी घालवलेल्या सगळ्या पहाटा एका बटणासरशी पुसल्या गेल्या. तिनं दोन्ही कागद यावेळी दोनदोनदा वाचले आणि मगच पाठवले.

दवाखान्यातून बोलावणं आलं. तिथला सगळा कारभार रामप्रसाद नावाचे व्यवस्थापक पाहायचे, पांढरा शर्ट, बोलणं मऊ. ते चांगले बोलले. खिडकीवर कसं बोलाल, रागावलेल्या पेशंटला काय म्हणाल, असं विचारलं. वंदनानं बाकड्यावरून पाहिलेलं सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, “बहुतेक एक तारखेपासून या. फक्त आमची एक पद्धत आहे, जरा चौकशी करतो.”

चौकशी म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. सोयरीक जुळवताना करतात तीच. मुलगी कुणाची, सून कुणाची, गावात कशी राहते, हे त्या गावच्या ओळखीच्या माणसाला विचारायचं. कागदावर शंभर गोष्टी लिहा, शिक्के मारा, पण पाव्हण्यानं फोनवर “घ्या, घर चांगलं आहे” म्हटल्याशिवाय इथं ना मुलगी पसंत होते ना नोकर. आणि रामप्रसादांचे राजूर भागातले पाव्हणे म्हणजे त्यांचे सख्खे मेहुणे राधेश्याम. ते कोण? त्याच बियाणे कंपनीचे या भागाचे अधिकारी.

मेहुण्यामेहुण्यांचं बोलणं काय झालं असेल, ते सहज कळतं. “राजूरकडची एक वंदना पुंगळे आहे, जरा चौकशी करता का?” “पुंगळे? अहो, तिचा कागद तर माझ्या टेबलावर पडलाय.” दोन्ही कागद मोबाईलवर इकडून तिकडे गेले. एकीकडे बी.ए. झालेली गृहिणी. दुसरीकडे बारावी झालेली, वर्षानुवर्षं शेडनेटमध्ये राबलेली बाई. नाव एक, फोन नंबर एक, फोटोही एकच.

रामप्रसादांचा फोन आला तेव्हा वंदना पीठ मळत होती. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. “पुंगळे ताई, आमच्याकडे विश्वासाचं काम असतं. तुम्ही मधली सगळी वर्षं लपवली. नाही जमणार.” वंदना “बरं” म्हणाली आणि पिठाच्या हातानंच फोन ठेवला. थोड्या वेळानं राधेश्याम साहेबांचा निरोप आला, उद्या ऑफिसात या, दोन्ही कागद घेऊन या.

आदिनाथ गाडी लावून घरात आला आणि हे ऐकून खाटेवर बसला. “कचरूकडं गेल्तो मी दुपारी,” तो म्हणाला. “तुही ओळ भरली. नवी पोरगी घेतली त्यानं.” तो हे रागानं म्हणाला नाही, पण व्हायचं ते झालं होतं. दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेली आणि तेलही गेलं, तूपही गेलं. “उद्या जाऊ नको तू,” आदिनाथ पुढं म्हणाला. “दोन्ही कागद घेऊन बोलावतेत म्हंजी बोलायलाच बोलावतेत. कशाला चार माणसांत इज्जत घालवायची?”

सगुणाबाई चुलीपुढून उठली नाही. “बोलावलंय म्हंजी दार लावलं न्हाई अजून,” ती म्हणाली. “दार लावलं असतं तर फोनवरच बोलला असता, त्या दुसऱ्यावानी.”

वंदना पोळ्या लाटत राहिली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं येऊ दिलं, पण पोळी करपू दिली नाही. शेवटची पोळी तव्यावरून काढून ती म्हणाली, “सकाळच्या जीपनं जाते. डबे तुमी भरा आत्या.”

कंपनीचं ऑफिस मोंढ्याच्या बाजूला, खाली बियाण्याची पोती आणि वर टेबलं. राधेश्याम साहेब पन्नाशीचे, उन्हानं रापलेले, शब्दाला कंजूस. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि तिला बसायला सांगितलं.

“यातली खरी कोणती?”

वंदना येताना सगळ्या रस्त्यानं माफीची वाक्यं जुळवत आली होती. खुर्चीवर बसल्यावर मात्र तिला ती म्हणावीशी वाटेनात.

“दोन्ही मीच हाय साहेब. खोटं एकातबी न्हाई लिवलं. अर्धं अर्धं लिवलं.”

“अर्धं लिहिणं म्हणजे खोटंच की.”

“व्हय,” वंदना म्हणाली. “ते चुकलं माझं. पण एक विचारू का? तुमच्या कागदावर मी बी.ए. टाकली असती, तर तुमी मला बोलावलं असतं का?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. “नसतं बोलावलं,” ते म्हणाले. “बी.ए. वाले महिनाभर टिकतात. ऊन लागतं आणि जातात.”

“आन् दवाखान्याच्या कागदावर मजुरी टाकली असती, तर त्येन्नी बोलावलं असतं का?”

“ते रामप्रसादला माहीत.”

“न्हाई बोलावलं असतं साहेब. त्येंच्या जागी मीच बोलावलं नसतं. मलाच लाज वाटली.” तिनं मान वर ठेवली. “आता वाटत न्हाई. मला काम पायजे. ओळीतलं न्हाई, पुढचं पायजे. म्हणून आले मी.”

राधेश्याम साहेबांनी मोबाईल उचलला. “मी कागदावर कुणाला घेत नाही. तुमच्या मुकादमाला विचारतो. कचरूच ना?”

सगळ्या जगात विचारायला माणूस मिळाला तो कचरू. त्याच्या तोंडावर तिनं नाव लावायला नकार दिला होता. वर कंपनीनं तिला घेतलं, तर उद्या ती त्याच्याच कामावर देखरेख करायला उभी राहणार, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. साहेबांनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. तिला बोटानं गप्प राहायची खूण केली.

“कचरू, ती आदिनाथ पुंगळेची बायको. कशी बाई आहे?”

“डोक्यात हवा गेली साहेब तिच्या,” कचरू लगेच सुरू झाला. “ओट्यावर जाऊन मानानं इचारलं, तर न्हाई म्हणली. नोकरी करणार म्हणं. चहाबी असा दिला, पाकावानी गोड.”

“ते राहू दे. कामाला कशी?”

पलीकडे कुठंतरी बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. वंदनाचे डोळे दोन्ही कागदांवर होते.

“काय काम सांगू साहेब,” कचरू शेवटी म्हणाला. “खोटं कशाला बोलू, गणपतीचे दिवस हायेत. ती शेडमधी असली की मला आत जायाचं कामच पडत नव्हतं. कोणती बाई कुठं उभी करायची, कोणाची कळी सुटली, कोणाचं डोकं दुखून राह्यलं, नवीन पोरीला कोणापाशी ठेवायचं, समदं तीच पाहायची. मी आपला बाहेर लिंबाखाली. हजेरी घ्यायची आन् चहा प्यायचा. आवंदा ती न्हाई तर नुसत्या ओळी वाटता वाटता दोन दिवसांपासून डोकं धरून बसलो. बाया माह्या तोंडाकडं पाहतेत आन् मी त्येंच्या.” मग त्याचा आवाज एकदम खाली आला. “तुमी घेऊन राह्यले का काय तिला? घेऊ नका साहेब. मलाच पायजे ती. नव्या पोरीला दुसरीकडं लावून देतो, तिची ओळ तिला देतो. तुमी सांगा तिला.”

राधेश्याम साहेबांनी “बघतो” म्हणून फोन ठेवला. खाली कुणीतरी पोती उतरवत होतं, त्याचा धप्प आवाज वर येत होता. वंदनाला काय करावं कळेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला हसूही येत होतं.

“हे यातल्या कोणत्या कागदात आहे?” साहेबांनी विचारलं.

“कोणत्याच न्हाई.”

“का?”

“त्ये मी काम धरलंच न्हाई साहेब,” ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. “काम म्हंजी कळ्या. हे बाकीचं कोणीतरी करायला पायजे व्हतं, म्हणून करत व्हते.”

साहेबांनी टेबलाचा खण उघडून एक कोरा कागद काढला आणि तिच्याकडे सरकवला. “लिहा. सगळं लिहा. मराठीत लिहा, मला तेच वाचायला बरं पडतं. जागा हंगामापुरती आहे, पुढचं पुढं. आणि एक सांगून ठेवतो, आमची पोरं मोटारसायकलवर फिरतात. दिवसाला चार-पाच शेडनेटं. गाडी येते का?”

“येत न्हाई.”

“मग?”

“सोमवारपासून सुरू हाय ना काम? सोमवारपर्यंत गाडी यायला लागन.”

तिनं लिहायला घेतलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं. बी.ए. लिहिली आणि तिच्याच खालच्या ओळीत कचरू मुकादमाच्या टोळीतली सगळी वर्षं लिहिली. मग ती जरा अडखळली, आणि कचरू जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून टाकलं. साहेबांनी ते उलटं वाचलं आणि म्हणाले, “अनुभव असा लिहीत नसतात.” वंदना म्हणाली, “ह्याच्याहून बराबर मला लिहिता येत न्हाई.” त्यांनी तो कागद फाईलला लावला. आधीचे दोन तिनं मागून घेतले आणि जिना उतरताना फाडून टाकले.

शनिवार-रविवार गावाच्या बाहेर, गणपतीच्या मांडवापलीकडच्या मोकळ्या रानात, अर्पिता टाळ्या वाजवत होती आणि आदिनाथ शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या स्कूटीला धरून धावत होता. वंदना दोनदा पडली. गुडघ्याला खरचटलं, लुगड्याला माती लागली. गावातल्या चार जणांनी उभं राहून पाहिलं आणि सल्ले दिले. तिनं एकाचाही ऐकला नाही. रविवारी अंधार पडायच्या आत ती वळून एकटी घरापर्यंत आली. सगुणाबाईनं स्कूटीला हळदकुंकू लावलं आणि “मागं बसू का?” विचारलं. वंदना म्हणाली, “अजून न्हाई आत्या, आपण दोघी पडू.”

सोमवारी तिचं पहिलं शेडनेट कचरूचंच होतं. ती पोचली तेव्हा कचरू लिंबाखाली हजेरीची वही घेऊन बसला होता. तिला स्कूटीवरून उतरताना पाहून तो अर्धा उठला, परत बसला. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र त्यानं दुरूनच वाचायचा प्रयत्न केला. आत बायकांचा गोंधळ ऐकू येत होता. दोघी एकाच ओळीसाठी भांडत होत्या, आणि नवी पोरगी चिमटा हातात धरून कडेला उभी होती. वंदनाचे पाय सवयीनं आत वळले. दारातच ती थांबली. ते काम तिला डोळे मिटून करता आलं असतं, आणि केलं असतं तर पुढचे सगळे हंगाम ते तिलाच करावं लागलं असतं.

ती मागं वळली.

“भाऊजी,” ती म्हणाली, “आत या.”

“मी?”

“तुमीच. मला इथून अजून चार शेडं पाहायची हायेत. त्या नव्या पोरीला पहिल्या दिवशी जुन्या बाईच्या शेजारी उभं करा. सांगते मी कसं ते, पण करायचं तुमाला. आता आत तुमालाच यावं लागन.”

कचरूनं वहीकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं. मग वही बगलेत मारली, चपला दारात काढल्या आणि वंदनाच्या मागोमाग जाळीच्या आत गेला.